सगळं परमिसिव्ह करून टाका

आमच्या कंपनीत दोन गोष्टी न मागता साठतात. एक म्हणजे गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल, आणि दुसरे किस्से. माल निदान भंगारवाला उचलतो. किस्से कोणी उचलत नाही, म्हणून ते चहाच्या वेळी तुमच्यासारख्यांच्या गळ्यात मारावे लागतात. गेल्या वर्षीच्या तीन महिन्यांत माझ्याकडे जेवढे साठले, तेवढे आधीच्या अकरा वर्षांत साठले नव्हते. कारण त्या तीन महिन्यांत आम्ही शिकत होतो.

आधी ओळख करून देते. कंपनी पावण्याला, एमआयडीसीत. ट्रक चढवून वजन करायचे मोठे काटे असतात ना, त्यांचा आकडा दाखवणारा डबा आम्ही बनवतो. डब्यातला प्रोग्रॅम मी लिहिते. डब्यातला बोर्ड दशरथ भोईर जोडतात. भोईरदादा पावणे गावचेच. आता जिथे आमच्या साहेबांची गाडी उभी राहते तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. आयटीआय झालेत आणि बावीस वर्षं एकाच बेंचवर बसून सोल्डरिंग करताहेत. इंग्रजीशी त्यांचं फारसं जमत नाही, पण बोर्ड त्यांच्याशी बोलतो.

मालक गुप्तेसाहेब. ते एका प्रदर्शनाला गेले, तिथे कोणाच्या तरी हातात टचस्क्रीनचं यंत्र बघितलं आणि परत आले ते झपाटूनच. "आपलंही आता अँड्रॉइड," म्हणाले.

अँड्रॉइड म्हटलं की लोकांना बोटाने सरकवायचा पडदा दिसतो. पण आपण स्वतः बनवलेल्या कोऱ्या बोर्डावर तो पडदा उजळायचा असेल, तर त्याच्या तळाशी जे काय लागतं ते आपलं आपल्याला लिहावं लागतं. चालू केल्यावर आधी कोण उठेल, कुठल्या पिनेला काय जोडलंय, सगळं. ते आम्हाला शिकायचं होतं.

साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं, "तीन महिने. आपल्या बोर्डावर चाललं आणि कळंबोलीच्या पार्टीने पसंत केलं, तर तुमचा बेंच राहील. नाहीतर बाहेरून तयार टॅबलेट आणायचे, आपला स्टिकर मारायचा, विषय संपला. भोईर, तुम्हाला पॅकिंगला घेऊ."

मला कुठे घेणार ते बोलले नाहीत. त्यावरून जे समजायचं ते मी समजले.

*

शिकवायला तेजस सर आले. वय एकोणतीस, दाढी कोरलेली, आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'बेसिकली'. त्यांच्याकडे एक चित्र होतं. एकावर एक पाच रंगीत खोके. सगळ्यात वर आपण वापरतो ती ॲप्स, सगळ्यात खाली कर्नल, म्हणजे लोखंड-तांब्याशी थेट बोलणारा भाग. आमचं काम शेवटच्या दोन खोक्यांत होतं. सरांनी पहिल्या खोक्यावर तीन आठवडे काढले.

भोईरदादांनी हात वर केला. "सर, तलमजल्याला कवा जायाचं?"

"काका, बॉटम-अप आता आउटडेटेड आहे. आपण टॉप-डाउन जातोय."

चौथ्या आठवड्यात एकदाचे आम्ही तळाला पोचलो. भोईरदादांनी स्वतः जोडलेला बोर्ड सरांपुढे ठेवला. सरांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "याची स्क्रीन कुठंय?"

"सर," भोईरदादा म्हणाले, "तीच तर तुमी आननार ना."

*

या विद्येत आधी अँड्रॉइडचा सगळा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, उतरवून घ्यायचा आणि मग तो आपल्या बोर्डासाठी बांधायचा असतो. याला बिल्ड म्हणतात. चांगल्या मशीनवर दोन-तीन तास लागतात. साहेबांनी आम्हाला अकाउंट्सचा जुना कॉम्प्युटर दिला होता, त्यामुळे आम्हाला चौदा लागायचे. म्हणजे संध्याकाळी लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं.

पहिल्या सकाळी आले तर स्क्रीन काळी. साहेब संध्याकाळी निघताना स्वतः फिरून एकेक बटण बंद करतात. विजेची बचत. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर कागद चिकटवला, 'बिल्ड चालू आहे. बंद करू नये.'

सकाळी आले तर स्क्रीन पुन्हा काळी. कागदावर 'बंद'च्या आधी लाल पेनाने 'कृपया' लिहिलेलं.

मी तशीच केबिनमध्ये गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, नोटीस कशी लिहायची ते शिका. आणि तुमच्या कॉम्प्युटरला मी हातही लावलेला नाही. मी फक्त भिंतीवरचं बटण बंद केलं."

मी बाहेर आले. भोईरदादांनी पँट्रीतल्या फ्रीजच्या मागून एक वायर ओढून आणली. फ्रीजचं बटण साहेब कधीच बंद करत नाहीत, कारण आत त्यांचं ताक असतं. आमचा पहिला बिल्ड त्या ताकाच्या पुण्याईवर पूर्ण झाला.

*

बिल्ड झाला तरी तो बोर्डात भरावा लागतो. सरांनी 'मी दाखवतो' म्हणत पाचपैकी तीन बोर्डांत भलतीच फाइल भरली. तिन्ही गार. लाइट नाही, आवाज नाही.

"ब्रिक झाले," सर म्हणाले. "बेसिकली, वीट. आता काही होत नाही, नवीन मागवा."

नवीन यायला दीड महिना लागला असता आणि आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. भोईरदादांनी चिपचं पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली आणि एका पानावर थांबले. मग चिमटा घेतला, बोर्डावरच्या दोन बारीक ठिपक्यांवर टेकवला आणि दुसऱ्या हाताने वीज सोडली. कॉम्प्युटरने टुण् केलं. बोर्ड जागा झाला होता. दहा मिनिटांत तिन्ही बोर्ड उठून बसले.

"काका, हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे?"

"तुमीच दिलेल्या बुकात, सर. इंग्रजी मना जमत नाय, चित्र बगितला."

पुढच्या महिन्यात सरांनी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीत दिलेलं प्रेझेंटेशन माझ्या मैत्रिणीने मला पाठवलं. त्यात एक अख्खं पान होतं, 'ट्वीझर मेथड', आणि खाली सरांचं नाव. फोटोतला चिमटा धरलेला हात मात्र भोईरदादांचा. मनगटाला लाल दोरा. सर घड्याळ बांधतात.

*

दुसऱ्यांनाच नावं ठेवतेय असं नको. माझंही ऐका.

बोर्ड चालू व्हायचा, पण स्क्रीन उजळत नव्हती. कुठल्या पिनेला काय जोडलंय हे एका फाइलमध्ये लिहायचं असतं. ते मी लिहिलं होतं आणि माझ्या मते बरोबर लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी भोईरदादा येऊन म्हणाले, "मॅडम, ती लाइटीची पिन उलटी हाय. तिला शून्य दिला की पेटते."

मी मानही वर न करता म्हटलं, "दादा, हे सोल्डरिंग नाही. हे सॉफ्टवेअर आहे."

अकरा दिवस. अकरा दिवस मी कर्नल उसवत होते. कामोठ्याला घरी जेवतानाही नवरा काही विचारायचा आणि मी भलतंच उत्तर द्यायचे. बाराव्या दिवशी सगळे उपाय संपल्यावर फाइलमधला एक शब्द उलटा केला. स्क्रीन उजळली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोईरदादा मागेच उभे होते. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि म्हणाले, "झाला वाटतं सॉफ्टवेअर."

त्या दिवसापासून ते काही म्हणाले की मी खुर्ची फिरवून ऐकते.

*

आता परमिसिव्ह काय भानगड आहे ती सांगते. अँड्रॉइडच्या पोटात एक पहारेकरी असतो. कुठल्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा याची त्याच्याकडे यादी असते. यादीत नाव नसेल तर तो 'परवानगी नाही' म्हणतो आणि तशी नोंद करून ठेवतो. नवीन बोर्ड असला की अशा शेकडो नोंदी पडतात. एकेक वाचायची, खरंच गरज आहे का बघायचं आणि तेवढ्यापुरता नियम लिहायचा. गहू निवडण्यासारखं काम आहे, कंटाळवाणं, पण न निवडता दळले तर खडे आपल्याच दाताखाली येतात.

सरांकडे यावर एका ओळीचा उपाय होता. पहारेकऱ्याला सांगायचं की तू नोंदी कर हवं तर, पण अडवू कोणाला नकोस. हे म्हणजे परमिसिव्ह. चूक शोधताना लोक तासाभरासाठी करतात, नाही असं नाही. सर कायमचं करायचे. प्रिंटर चालत नाही? "परमिसिव्ह करून टाका." ब्लूटूथ अडकलं? "परमिसिव्ह करून टाका." एकदा बोर्डाची वायरच निघाली होती. तेव्हाही सरांनी मला विचारलं, "मॅम, आधी परमिसिव्ह करून बघितलंत का?"

मी म्हटलं, "सर, मग पहारेकरी ठेवायचाच कशाला?"

"मॅम, बेसिकली, कोणी अडत नाही म्हणजे सिस्टिम स्टेबल."

भोईरदादा हळूच म्हणाले, "म्हंजे वॉचमनला गावाला धाडायचा, आन् सोसायटीत कोनाला अडवत नाय म्हनून पेढे वाटायचे."

सरांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल तर समजलं नाही.

आम्ही दोघांनी मात्र निवडायला घेतलं. रोज जेवणानंतर मी नोंद वाचायची आणि भोईरदादांनी निवाडा द्यायचा. "कोन मागतो? बॅटरीवाला? त्याला प्रिंटर कनाला पायजे? नाय द्याचा." पुढची नोंद. "हा वजनवाला? वजनाची फाइल वाचू दे. पन लिवायची नाय, लिवील तो फक्त काट्याचा प्रोग्राम." शेवटी दोनशे चौदा नियम झाले. एकही फुकटचा नाही. कुठल्या पोरीच्या लग्नात एवढी चौकशी झाली नसेल.

*

कोर्स संपला तेव्हा सर्टिफिकेटं वाटली. मला 'पार्टिसिपेशन'. गुप्तेसाहेबांना 'एक्सलन्स'. साहेब तीन महिन्यांत एकदाच वर्गात आले होते, पंख्याचं बटण बंद करायला. भोईरदादांना काहीच नाही. मी सरांना कारण विचारलं.

"मॅम, काका एनरोल्डच नव्हते. ते बेसिकली बसत होते."

*

आता कळंबोलीचं.

पार्टी म्हणजे घोरपडेशेठ, लोखंडाचे व्यापारी. स्वतःचा काटा, स्वतःचं यार्ड. काट्यावरून ब्लूटूथने वजन हातातल्या यंत्रावर यावं आणि तिथेच पावती निघावी, एवढीच त्यांची मागणी. त्यांनी पसंत केलं तर पन्नास यंत्रांची ऑर्डर होती.

आदल्या आठवड्यात कळलं की साहेबांनी दोन घोडे तयार ठेवलेत. एक आमचं यंत्र, आमच्या बोर्डाचं. दुसरा तेजस सरांनी बाजारातून आणलेला तयार टॅबलेट. सरांनी त्याची आतली सगळी दारं उघडून, पहारेकऱ्याला झोपवून, आमचाच वजनाचा प्रोग्रॅम त्यात घातला होता. मागे स्टिकरही मारला होता.

"आधी टॅबलेट दाखवायचा," साहेब गाडीत म्हणाले. "स्मूथ चालतो. तुमचं बॅकअपला."

मागच्या सीटवर भोईरदादा आमचं यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. पॅकिंगच्या सुपरवायझरने आदल्याच दिवशी त्यांच्या शर्टाचं माप घेतलं होतं, तिकडे युनिफॉर्म असतो म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसून सांगितलं होतं. मला हसू आलं नाही.

यार्डात सळ्यांनी भरलेला ट्रक काट्यावर उभा होता. सरांनी टॅबलेट चालू केला. अठरा हजार दोनशे चाळीस किलो. पावती निघाली. साहेबांनी आधी स्वतः टाळी वाजवली, मग सरांनी.

शेठ म्हणाले, "छान. आमच्या कुलकर्ण्यांना बघू द्या जरा."

कुलकर्णी म्हणजे काट्यावरचे कारकून. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर. टॅबलेट घेऊन ते केबिनमध्ये गेले. पाच मिनिटांत बाहेर आले आणि शेठना स्क्रीन दाखवली. अठरा हजार पाचशे चाळीस.

ट्रक जागचा हललेला नव्हता. उलट ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता, म्हणजे खरं तर वजन कमी व्हायला हवं होतं.

"आत एक फाइल आहे," कुलकर्णी म्हणाले. "उघडली, आकडा बदलला. कोणी काही विचारलं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. सर नुसतं 'बेसिकली' म्हणाले. भोईरदादांनी आमचं यंत्र पुढे केलं. अठरा हजार दोनशे चाळीस. कुलकर्णी ते घेऊन आत गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्यांना चहा आत गेला, मग दुसरा गेला. पाऊण तासाने ते घाम पुसत बाहेर आले.

"हे नाही ऐकत, शेठ. जिथे हात लावावा तिथे परवानगी नाही म्हणतं."

खरं सांगते, अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. तो साधारण दीड मिनिट टिकला.

शेठनी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि टॅबलेटवर बोट ठेवलं. "हे पन्नास द्या."

मला वाटलं, त्यांचं बोट चुकलं. "शेठ, त्यात कोणीही वजन बदलू शकतं."

"तेच म्हणतोय मी, मॅडम."

"पण हे चुकीचं—"

"मॅडम," साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "पार्टीसमोर नको." आणि वळून शेठना, "मी सांगतच होतो, टॅबलेट स्मूथ आहे."

सर दाढीवरून हात फिरवू लागले. मी भोईरदादांकडे बघायचं टाळलं. बावीस वर्षं, दोनशे चौदा नियम आणि आता पॅकिंगचा शर्ट. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही लाज वाटत होती.

भोईरदादा घसा साफ करून म्हणाले, "शेट, एक इचारू? हा टॅबलेट माल देताना वापरनार का घेताना?"

"देताना."

"आन् घेताना?"

शेठनी आमचं यंत्र उचलून हातात तोललं.

"घेताना हे दुसरं," ते म्हणाले. "समोरच्याचा माणूस हात मारेल ना."

कुलकर्ण्यांनी मान डोलावली. साहेबांनी क्षणभर हिशेब जुळवला. "मग पंचवीस-पंचवीस?"

"पंचवीस-पंचवीस."

"भोईर, बेंच राहिला," साहेब म्हणाले.

भोईरदादांनी आमचं यंत्र शेठच्या हातातून परत घेतलं आणि त्याची काच शर्टाला पुसली. "शेट, दोन्हींचे डबे येगल्या रंगाचे करूया. गफलत नको व्हायला."

शेठनी यावर खरोखर विचार केला. कुलकर्ण्यांशी दोन शब्द बोलले.

"देतानाचा हिरवा करा," ते म्हणाले.